पुसलेला बेस

संत्र्यांची पिशवी घेऊन त्रायचे क्लिमेच्या दाराशी पोचला खरा, पण घंटेकडे हात काही जाईना.

"दार उघडंच आहे!" आतून क्लिमेच्या बायकोचा, दोंकाचा आवाज आला. "की आता बँड लावून आत घ्यायचं तुला?"

क्षमेचा रविवार होता, प्रोच्का. मोठे उपवास लागायच्या आदल्या दिवशी धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, क्षमा कर. थोरल्याने म्हणायचं, केली. कशाबद्दल, ते कुणी विचारत नाही. त्रायचे क्लिमेहून तीन वर्षांनी धाकटा. एकेचाळीस वर्षं तो दर प्रोच्काला स्कोप्येहून प्रिलेपला येत होता आणि पापाचं नाव न घेताच मिळालेली क्षमा पिशवीत घालून परत जात होता. ती काही त्याला लागू पडत नव्हती.

"ये रे, सोन्याच्या काना!" क्लिमे खिडकीपाशी बसला होता. "उरलेसुरले केसही सोडून आलास वाटतं?"

"तुझी सोबत केली, दादा."

सोन्याचा कान हे नाव वर्तमानपत्रांनी ठेवलेलं. त्रायचे मूळचा एका रॉक बँडमधला बेस गिटारवाला. सत्ताविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा निर्माता म्हणून स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडे बसला, तो क्लिमेच्या बँडची रेकॉर्ड करायला. ती गाजली. मग सत्तर-एक रेकॉर्डी त्याच्या हातून गेल्या. गिटारची एक तार केसभर उतरली, तरी तो शेजारच्या खोलीतून सांगायचा.

ती पहिली रेकॉर्ड गाजली एका गाण्यातल्या बेसमुळे. वेष्टणावर बेसपुढे नाव होतं क्लिमेचं. प्रिलेपच्या संगीतशाळेत क्लिमे अजून तोच बेस शिकवत होता. गावात लोक त्याला वाटेत थांबवून तेवढं तोंडाने वाजवून दाखवत.

पुढच्या महिन्यात ती रेकॉर्ड नव्याने निघणार होती. कुणी काय वाजवलं, त्याची हकीकत त्रायचेने लिहायची होती. आजवर तो नुसता गप्प बसला होता. आता खाली सही करून खोटं लिहायचं, नाहीतर खरं लिहून या म्हाताऱ्याची गावातली मान खाली घालायची. निदान त्याला आधी आपल्या तोंडून कळावं, म्हणून तो आला होता.

त्याने वाकून क्लिमेच्या हाताचं चुंबन घेतलं. "क्षमा कर, दादा."

"केली. देवही करो. चल, मझ्निक गरम आहे. चीज हिने सढळ हाताने भरलंय, उद्यापासून उपासच."

"थांब. यंदा कशाबद्दल ते सांगू दे."

दोंकाची सुरी थबकली. "हा कुठला नवा रिवाज काढलास बाबा?"

"वहिनी, तूही बस. ऐक." त्रायचे उभाच राहिला. "चौऱ्याऐंशी साल. त्या गाण्याचा बेस वाजवून तू बाहेर आलास आणि मी म्हटलं, छान झालं. झालं नव्हतं. तुझा हात ड्रमच्या पुढे पळत होता. तोंडावर सांगायची छाती झाली नाही माझी. तुम्ही सगळे जेवायला गेलात, तेव्हा रेकॉर्डिंगवाल्या पांदिलला मी टेप मागे घ्यायला लावली आणि तुझ्याच ट्रॅकवर मी वाजवलं. दुसरा ट्रॅक मोकळा नव्हता. तुझं पुसलं गेलं."

दोंकाने सुरी खाली ठेवली.

"दुसऱ्या दिवशी मी ड्रमची कातडी आणायला बेलग्रेडला गेलो. तीन दिवस. कातडी इथंही मिळाली असती. तुझ्यासमोर यायचं नव्हतं. आल्यावर मिक्सिंग उरकलं, पांदिलला गप्प केलं आणि वेष्टणावर तुझं नाव घातलं. नावाचं काही वाटत नाही रे. पण तुझं काम मी पाठीमागून पुसलं, आणि तू मला भाऊ म्हणत राहिलास."

एक गोष्ट मात्र त्याच्याने सांगवली नाही. रेडिओवर ते गाणं लागलं की शरम वाटायचीच, पण तिच्या तळाशी कुठेतरी छाती फुगायची: हे मी वाजवलंय.

"पांदिल मरेपर्यंत कुणाला बोलला नाही ना?" क्लिमेने विचारलं.

"नाही."

"भला माणूस." क्लिमेने टेबलक्लॉथची सुरकुती बोटाने सरळ केली. "आणि गाणं लागलं की तू ओळखायचास? आपलंच म्हणून?"

"माझं बोट मला कळणार नाही, दादा?"

क्लिमेने दोंकाकडे पाहिलं. तिने मान वळवली. मग टेबलाला धरून, गुडघे सावरत तो उठला. आता हा बाहेर काढणार, असं समजून त्रायचेने टोपी उचलली. क्लिमे वाकला आणि त्याने त्रायचेच्या हाताचं चुंबन घेतलं.

"अरे, हे काय! थोरला ना तू!"

"थोरल्याने मागायचं कुठं, ते नाही सांगून ठेवलं कुणी. दर वर्षी तू मागतोस, मी देतो, आणि तू गेलास की घास उतरत नाही मला. हिला विचार." क्लिमेने त्याचा हात सोडला नाही. "तू बेलग्रेडला होतास तेव्हा राहिलेला कोट न्यायला मी स्टुडिओत गेलो. पांदिलला म्हटलं, माझं ऐकव. चार आवर्तनं झाली आणि कळलं, हा माझा हात नाही. हा त्रायचे. आणि माझ्यापेक्षा कितीतरी सरस. इतका राग आला, की दोन दिवस तिथून हललो नाही. तुझा सूर न् सूर बोटांवर चढवला."

"मग?"

"मग मीही टेप मागे घेतली," क्लिमे म्हणाला. "रेकॉर्डवर तुझं एक बोटसुद्धा नाही रे."