सतरा कुप्या

अण्णा डोक्याला उपचार-खेळाच्या तारा लावून, डोळे मिटून पलंगावर पडले होते; मनानंच खेळत होते. समोरच्या पडद्यावर त्यांचा योद्धा शेवटच्या राक्षसाच्या दारात पोचला होता. खेळात कुपी प्यायली की सलाइनमधून औषधाचा खरा डोस अंगात जायचा. तीन महिन्यांत अण्णांनी एकही कुपी तोंडाला लावली नव्हती. झोळीत सतरा साठल्या होत्या.

"अण्णा, आता तरी प्या," त्यांची मुलगी हेमांगी माइकमध्ये म्हणाली. "हा राक्षस म्हणजे तुमचा आजारच आहे. असे कसे झुंजाल?"

"पुढे लागतील," अण्णा पुटपुटले. नवी चादर ट्रंकेत ठेवून फाटकीच वापरायची, हा त्यांचा जन्मभराचा खाक्या होता.

हेमांगीला रडू फुटलं. तिनं थरथरणारा उजवा हात ओढणीखाली दाबून धरला. अण्णांचा आजारही असाच हातापासून सुरू झाला होता, पण आपलं तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

पडद्यावर राक्षसाच्या दाराशेजारी एक पेटी होती. उरलेली औषधं घरातल्या दुसऱ्या रुग्णासाठी तिच्यात ठेवता येत. योद्ध्यानं सतराही कुप्या एकेक करून तिच्यात ठेवल्या.

"अण्णा, नको."

"दिवाळीतच तुझ्या हातातली कपबशी वाजत होती, हेमू," अण्णा म्हणाले, आणि रिकाम्या झोळीनं आत गेले.