पाठ केलेला तक्ता

"पुन्हा म्हणा. तिसरी ओळ."

"प, ट, ल."

"आणि चौथी?"

"व, क... व, क..." तो अडकला.

"व, क, स, म." बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, चारच तर ओळी आहेत. शाळेत पाढे कसे पाठ केलेत?"

"मार खाऊन."

"मग आणू का पट्टी?"

तो हसला, पण ते हसू काही पोटातून आलं नव्हतं. ऑफिसातली डोळ्यांची तपासणी परवावर आली होती आणि त्याला तपासणीचा तक्ता दिसत नव्हता. एवढी साधी गोष्ट. दिसत नव्हता म्हणून तो पाठ करत होता.

ऑफिसात त्याला सगळे 'ससाणा' म्हणत. जुनी हस्तलिखित कागदपत्रं स्क्रीनवर बघायची आणि टाइप करायची, हे काम त्याने बावीस वर्षं केलं होतं. दुसऱ्याच्या टेबलावरची चूक तो येता-जाता पकडायचा. नाव पडलं ते त्यावरूनच. आता उजव्या डोळ्याच्या मधोमध एक राखाडी डाग बसला होता आणि डावा डोळाही त्याच वाटेने निघाला होता. बाहेरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलं ते गेलं, उरलंय ते जपा.

गेल्या वर्षी ऑफिसात नवीन स्क्रीन आल्या. वर बारीक कॅमेरा. माणूस पापण्या मिटायला विसरला की स्क्रीन आठवण करून देणार, संध्याकाळ झाली की उजेड मऊ करणार, डोळे थकले की अक्षरं आपोआप वाढवणार. तुमच्या डोळ्यांसाठीच हो सगळं, असं सांगून पेढीच्या साहेबांनी टाळ्याही घेतल्या. ससाण्याच्या स्क्रीनवर अक्षरं वाढत वाढत भोपळ्याएवढी झाली. एका ओळीत चार शब्द मावेनात. आणि ही सगळी वाढ कॅमेऱ्याने इमानेइतबारे वरच्या मजल्यावर साहेबांना कळवली. घरभेदी मेला!

तपासणी दर दोन वर्षांनी व्हायची, आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची. नापास झालेला घरी. मागच्या खेपेला तिघे गेले. त्यांना पुष्पगुच्छ दिले होते.

बायको त्याच ऑफिसात, खालच्या मजल्यावर. ध्वनिमुद्रित जबाब कानाला लावून ऐकायचे आणि टाइप करायचे. बोटं अशी चालायची की बाजूच्या मुली काम थांबवून बघत बसत. स्मरणशक्ती तर विचारूच नका, अख्ख्या नात्यागोत्याचे फोन नंबर तिला तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी पाहिलेला तक्ता तिला अजून आठवत होता, याचं त्याला मुळीच नवल वाटलं नाही.

"आणि पकडला गेलो तर?" त्याने विचारलं.

"तर घरी बसा. मी आहे ना."

"तुझे डोळे धड आहेत म्हणून तगलोय गं. नाहीतर मी कधीच खचलो असतो. घरात एकाला दिसलं तरी दोघांचं निभतं."

घातलेली घडी तिने मोडली आणि तोच शर्ट पुन्हा घडी करायला घेतला.

"म्हणा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

तपासणीच्या दिवशी दोघं बरोबरच निघाले. रस्ता ओलांडताना ती हल्ली त्याचा दंड घट्ट धरायची. आपल्याला सांभाळते बिचारी, असं त्याच्या मनात यायचं आणि त्याला स्वतःची लाज वाटायची.

तिचा नंबर सकाळी होता, त्याचा दुपारी. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

"झाली?"

"झाली एकदाची."

"कशी झाली?"

"तशीच. तुम्ही खा आधी."

दुपारी तपासणीच्या खोलीत शिरताना तो चारही ओळी मनात घोळवत होता. तपासणाऱ्या बाई वयाने त्याच्या लेकीसारख्या. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, काहीतरी कळ दाबली. समोर एक उजळ चौकोन आणि त्यात काळे डाग.

"काय दिसतंय काका, सांगा."

"ग," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "र, न. प, ट, ल. व, क, स, म."

न अडखळता! त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, जुना तक्ता कधीच काढून टाकला," त्या हळूच म्हणाल्या. "आता समोर अक्षरं नसतात. वर्तुळं असतात. फट कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं."

संपलं सगळं. त्याने डोळ्यावरची झाकणी काढून मांडीवर ठेवली. आश्चर्य म्हणजे, छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटलं. किती दिवस चोरासारखं वागायचं?

"नाही दिसत, बाई. लिहा नापास. खोटं बोललो, माफ करा." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "उपाशी नाही मरणार आम्ही. माझी बायको खालच्या मजल्यावर आहे, तिचे डोळे ठणठणीत आहेत. सकाळी तुम्हीच तपासलंत की तिला. तिनेच पाठ करून घेतलं हो माझ्याकडून, माझ्यासाठी. तिच्यावर ठपका ठेवू नका."

बाईंनी समोरची यादी चाळली. एका नावावर त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"काकूंनीही हेच म्हणून दाखवलं, काका," त्या म्हणाल्या. "मी स्क्रीन सुरू करायच्या आधीच."