सीटखालचा स्विच

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राचं इंजिन फार तापत होतं. मिस्त्रीने इंजिनवर साचलेलं गवत उपसलं, पंखा पाहिला, तेल पाहिलं. सगळं ठणठणीत.

"ओझ्यानेही तापतं, वहिनी. चालवतं कोण?"

"हे गेल्यापासून मीच. पण दोघं बसल्यासारखं जड चालतं बघा."

मिस्त्री हसला. सीटवर बसून त्याने इंजिन चालू केलं, खाली उतरला आणि थर्मामीटर धरला. आकडा चढतच राहिला.

मग त्याचं हसू मावळलं. सीटखालचा स्विच त्याने आत्ताच तपासला होता. बसलेला माणूस उठला, की इंजिन बंद पडायलाच हवं.

इंजिन धडधडत होतं. वहिनी दारात होत्या.

सीटची गादी मधोमध दबलेली होती. शेजारी कुणाला जागा करून द्यावी, तसा तो खड्डा हळूच एका कडेला सरकला.