सीटची उंची

“पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. पडलीस तर निस्तरायचं कुणी?” असं म्हणत नवऱ्याने तिच्या सायकलची सीट पार खाली केली, नट आवळला आणि पाना कपाटात कुलूपबंद केला. पहिला आठवडाभर कारखान्यात पोचेपर्यंत तिच्या मांड्या भरून यायच्या.

आज सकाळी ती लंगडत निघाली, तसा तो खुशीत आला. “नाही ना झेपत? मग सोड ती नोकरी. मी पहिल्यापासून काय सांगतोय?”

“बघते,” ती म्हणाली.

कोपऱ्यावर वळल्यावर तिने रोजच्यासारखा डब्याच्या पिशवीतून स्वतःचा पाना काढला आणि सीट वर घेतली. संध्याकाळी इथेच सीट खाली करायची आणि दारात उतरताना लंगडायचं, हे ती अजून एकदाही विसरली नव्हती.