न व्यायलेल्या बकरीचं दूध

"बकरी अजून व्यायलीसुद्धा नाही, आणि दूध बादलीभर!" वर्नाबाईंनी पुस्तक मिटून काखेत मारलं. "ही बया जन्मात कधी गोठ्यात गेली असेल तर शपथ."

रांगेत त्यांच्यापुढे उभी असलेली मुलगी खुदकन हसली.

पुस्तकांच्या दुकानाबाहेरची रांग पार बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. सरोवरावरून येणारा ऑक्टोबरचा वारा कान कापत होता, तरी कुणी जागचं हलत नव्हतं. 'मिठाची हद्द' ही कादंबरी लिहिणारी टी. एल. ग्रेव्हनर आज पहिल्यांदाच वाचकांसमोर येणार होती. रांगेत सगळी शाळा-कॉलेजातली पोरं. सत्तरी उलटलेल्या, अमेरिकेतल्या डुलुथ शहराबाहेर शेळ्या पाळणाऱ्या वर्नाबाई ओल्सगार्ड त्यांच्यात एकट्याच. आणि सही घ्यायला न येता भांडायला आलेल्याही त्या एकट्याच.

"आजी, पुस्तक आवडलं नाही का तुम्हाला?" मुलीनं विचारलं.

"आवडलं नसतं तर पुन्हा पुन्हा वाचलं असतं का? म्हणून तर जास्त चीड येते. आता हेच बघ. जग बुडून वीस वर्षं झाली, आणि पडक्या गाडीतलं पेट्रोल घातल्यावर ट्रक सुरू होतो! माझं गवत कापायचं यंत्र एका हिवाळ्याच्या शिळ्या पेट्रोलवर रुसून बसतं."

"आणि चंद्र?" मुलगी म्हणाली. "पळून जातात त्या रात्री पौर्णिमा. आठवड्यानं नदी ओलांडतात, तर परत पौर्णिमा."

"अगं, खरंच की! हे माझ्या नजरेतून निसटलं."

"घोटा मोडलाय नायिकेचा. आणि पुढच्याच प्रकरणात भिंतीवरून उडी मारते."

"आणि केस! अख्ख्या वस्तीत साबणाची वडी नाही, पण तो पोरगा जवळ आला रे आला की हिच्या केसांना फुलांचा वास!"

दोघी इतक्या हसल्या की पुढची पोरं वळून बघायला लागली.

मुलीचं नाव पाकू. सेंट पॉलहून बसनं आली होती. अंगानं काटकुळी, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, नखं खाऊन खाऊन संपवलेली.

"सही घ्यायला आलीस?"

"सह्यांसाठीच आलेय. पण आत जायचं धाडस होत नाही. मघाशी दारापर्यंत जाऊन परत आले."

"घाबरायचं काय त्यात? माणूसच आहे ना ती? मी आहे तुझ्याबरोबर."

काचेतून आतलं दिसत होतं. हिरवा मखमली कोट घातलेली एक बाई टेबलावरची फुलं सारखी करत होती, मध्येच माइकवर टकटक करून बघत होती.

"ती बघ ग्रेव्हनर," वर्नाबाई म्हणाल्या. "मखमल घालून बकऱ्यांवर लिहिते. पुस्तकावर फोटो नाही, धड पूर्ण नाव नाही, आहे तेही टोपणनाव म्हणे. तोंड लपवायला कारण असणारच."

"कोट मात्र छान आहे," पाकू म्हणाली. "मग तुम्ही बकरीवरून भांडणार?"

"बकरीचं सोड गं. ते हसण्यावारी नेलं मी." वर्नाबाईंचा आवाज खाली आला. "नायिकेचा धाकटा भाऊ. त्याला मधुमेह आहे, आठवतं? दोन दिवस पोटात अन्न नाही. घामानं डबडबलाय, थरथरतोय. आणि ही काय करते? इन्सुलिन टोचते. पोरगं टुणकन उठून बसतं!"

"हो," पाकू म्हणाली. "मग?"

"मग काय? त्याची साखर उतरलीय. त्यात वर इन्सुलिन दिलं तर पोर हातचं जाईल. साखर द्यायची असते त्याला! ज्यूस, मध, हाताला लागेल ते गोड."

पाकू वळून पुरती त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"माझ्या नातवाला, सोरेनला, हेच दुखणं आहे. उन्हाळ्यात शिबिरात पळता पळता असाच थरथरायला लागला. त्याचा जिवलग दोस्त हे पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा. त्यानं सोरेनच्या पिशवीतलं इन्सुलिन काढलं आणि निघाला टोचायला. नशीब, सोरेन शुद्धीत होता. घातली एक लाथ. दोस्ताचा दात पडला, माझा नातू वाचला. अजून गळ्यात गळे आहेत दोघांचे. तो बोळका तर ते खिंडार सगळ्यांना दाखवत फिरतो."

वर्नाबाई हसल्या. पाकू हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता.

"आता बरा आहे ना तो?"

"ठणठणीत. काल माझ्या शेळीवर स्वार व्हायला निघाला होता."

"आणि शुद्धीत नसता तर? तरीही ज्यूसच?"

"छे! तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. त्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं, ते द्यायचं आणि लगेच अँब्युलन्स बोलवायची."

पाकूनं ते पुटपुटत पाठ केल्यासारखं म्हणून घेतलं. पोर समजूतदार आहे, वर्नाबाईंना वाटलं. असे वाचक त्या ग्रेव्हनरच्या वाट्याला यावेत, हे तिचं भाग्य.

"आजी, हे सांगाच तुम्ही. सगळ्यांसमोर सांगा."

"ऐकेल ती मखमलवाली?"

"ऐकायलाच हवं," पाकू म्हणाली. "आणि पुस्तकही बदलायला हवं."

तेवढ्यात दार उघडलं. गर्दी आत घुसली. उंबऱ्याशी पाकू पुन्हा अडखळली, तशी वर्नाबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि खुर्च्यांमधून वाट काढत तिला थेट टेबलापर्यंत ओढत नेलं. खरं तर त्यांनाही धीर हवाच होता. कुणाचा तरी हात हातात असलेला बराच.

"बाई," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकानं मला वेड लावलंय. पण तुमच्या एका चुकीपायी माझा नातू जाता जाता राहिला. आज त्याचा जाब घेतल्याशिवाय मी हलणार नाही!"

सगळ्या माना टेबलाकडे वळल्या. मखमली कोटातल्या बाईंनी आधी वर्नाबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या शेजारी, आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"मी नुसती दुकानाची मालकीण हो," त्या म्हणाल्या. "ग्रेव्हनर ती, जिचा हात धरून तुम्ही आत आणलंत."