मुठीतली डबी

देवाने आईच्या पदरात एकच लेक घातली; शिलाई मशिनी मात्र तिने स्वतःच्या हिमतीवर सहा जमवल्या. थोरली, ठेंगणी, कुरकुरी अशी एकेकीची नावं. देवाच्या दिव्याआधी त्यांना तेल मिळे. नवऱ्याने टाकलेली लेक आज ठेंगणी न्यायला आली. “शिवून पोट भरेन गं. सहातली एक मागतेय, तुझं काळीज नव्हे.” “काळीजच मागतेस की!” “मला सासरी धाडताना तुझ्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नव्हतं.” लेक गाडीवाल्याला हाक मारायला वळताच आईने सुईखालची बॉबिनची डबी काढून मुठीत दडवली. डबीवाचून टाका पडणार नाही, लेक कंटाळेल आणि ठेंगणी आपसूक घरी येईल. ठेंगणी गाडीत चढली. लेकीने पिशवीतून कोरी करकरीत डबी काढली. “ती राहू दे तुझ्या मुठीतच, आई. येतानाच नवी विकत घेतली. तुला पुरती ओळखून आहे मी.”