बुधवार, दुपारी तीन

"तीनशे चाळीस नियम नव्या व्हर्जनमध्ये गेले. एकच अडकलाय," नम्रता म्हणाली आणि खुर्ची मागं ढकलून उभीच राहिली.

शनिवारचे साडेअकरा. बाराच्या ठोक्याला सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन कायमचं बंद होणार होतं. कंपनी पाण्याच्या फिल्टरची. पुण्यात कुठंही फिल्टर बिघडला की तक्रार सॉफ्टवेअरमध्ये पडायची, आणि ते सगळ्यात जवळचा मेकॅनिक धाडायचं. पण जुन्या व्हर्जनला ज्यानं त्यानं आपापल्या सोयीचे नियम जोडत नेले होते. गोधडीच झाली होती त्याची. नम्रतानं तीन महिने बसून एकेक टाका उसवला आणि नव्या व्हर्जनमध्ये पुन्हा घातला. आज सगळं ऑफिस तिच्या पाठीमागं उभं होतं. कुणी कामाला हात लावत नव्हतं. मॅनेजर आमोदसाहेब तर सकाळपासून चौथ्यांदा चहा घेत होते.

अडकलेला नियम असा. वारज्याच्या यमुनाबाईंची तक्रार आली, तर जवळचा माणूस पाठवायचा नाही. वाघोलीचे भीमराव पाठवायचे. तेही बुधवारी, दुपारी तीनला. लिहून ठेवणारा सलिल, नोकरी सोडून कधीच गेलेला. सहा वर्षांत तीनशेच्या वर तक्रारी. एकही बुधवार सुटलेला नाही. नवं व्हर्जन असली खास वागणूक सरळ घेईना. दोन रकाने भरा म्हणे. कोणासाठी आणि कशासाठी.

"दोघांचं काहीतरी आहे," मागून शुभंकर म्हणाला.

"तू गप बस. भीमराव साठीला आलेत," नम्रता म्हणाली.

आमोदसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "वारजे कुठं, वाघोली कुठं. माणूस अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये. काढून टाक तो नियम."

"पाच मिनिटं द्या सर. भीमरावांनाच विचारते."

फोन लागला तेव्हा भीमराव कुणाच्या तरी भिंतीला ड्रिल मारत होते. नियम निघणार म्हटल्यावर ड्रिल थांबलं.

"काढू नका ताई. माउली एकली हाय. खानावळ चालवती, पन तीनला पोरं जेवून गेली की घर खायला उठतं तिला. मी गेल्याबिगर ताट वाढून घेत न्हाई. फिल्टरची नळी तीच ढिली करून ठेवती, मला काय कळत न्हाई व्हय? गपगुमान आवळतो अन् बसतो दोन घास खायला. तेवढीच सोबत तिला."

नम्रतानं कीबोर्ड जवळ ओढला. तिनं भराभर टाइप केलं. कोणासाठी: यमुनाबाई. कशासाठी: सोबत.

"थांब," आमोदसाहेब म्हणाले. "ग्राहकाला न विचारता त्याच्या नावावर काही चढवायचं नाही. फोन लाव."

अकरा पन्नास. फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं भांड्यांचा खणखणाट.

"यमुनाबाई, कंपनीतून नम्रता बोलतेय. आपण एकट्या असता, म्हणून आम्ही..."

"कोण एकटी?" बाईंनी तिथंच तोडलं. "अहो, दोन्ही वेळेला चाळीस पानं उठतात माझ्याकडे. दुपारी घटकाभर डोळा लागावा म्हणून देव पाण्यात ठेवते मी."

"मग दर बुधवारी तक्रार?"

"मीच करते. फिल्टरला काही धाड भरलेली नाही."

ऑफिसातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"सलिल माझ्याकडे जेवायला होता," बाई म्हणाल्या. "तो सांगायचा, आमच्या भीमरावांची बायको गेली, तेव्हापासून चहा-बिस्किटावर दिवस काढतात. फुकटचं म्हणून कुणाच्या घरी जेवत नाहीत. पण तक्रार आली, तर अंगात ताप असला तरी जातात. म्हटलं, मग करते की तक्रार, तू फक्त त्यांनाच पाठव. काम केलेला माणूस माझ्या घरातून उपाशी जात नाही. आणि एकट्यानं पानावर बसायला ते लाजतात, म्हणून मलाही बसावं लागतं. बाराला जेवलेली असते मी. बुधवारी दोनदा जेवते, डॉक्टर ओरडतात."

"त्यांना हे माहीत आहे?"

"नाही. आणि सांगायला जाऊ नका, ताट सोडून उठतील."

"आणि नियम काढावा लागला तर?"

"तर तुमचं मशीनही काढून न्या," यमुनाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुभंकर खाली मान घालून बुटाची लेस बांधत बसला. लेस सुटलेली नव्हती.

"चार मिनिटं राहिली," आमोदसाहेब घसा खाकरून म्हणाले. "माझ्याकडं काय बघतेस? लिही."

नम्रतानं दोन्ही रकाने पुसले.

कोणासाठी: भीमराव. कशासाठी: जेवायला.